ओंटारियोत इंजिनिअरांच्या कौन्सिलची निवडणूक लढवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, मिसिसागात राहणारे, पी.इंज. (प्रोफेशनल इंजिनिअर) हे लायसन्स असलेले एक मराठी इंजिनिअर विचारतात: ‘प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारियो’ (पीईओ) या इंजिनिअरांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या कौन्सिलवर उभे राहायचे आहे. पात्रता काय, सूचक किती लागतात, मते कशी मिळवायची, आणि निवडून आल्यावर बाहेरून शिकून आलेल्या आपल्या लोकांसाठी काय करता येईल?

पहिल्या तीन गोष्टींची उत्तरे सरळ आहेत. पात्रतेच्या अटी थोड्या, सूचकांच्या सह्या गोळा करणे कटकटीचे पण जमण्यासारखे, आणि मतांसाठी पैशापेक्षा चिकाटी लागते. चौथ्या प्रश्नात खरी अडचण आहे. या निवडणुकीत मते इंजिनिअर देतात, पण निवडून आलेला माणूस इंजिनिअरांचा प्रतिनिधी नसतो. हे नीट न उमगलेले उमेदवार दर वर्षी उभे राहतात, काही निवडूनही येतात आणि मग दोन वर्षे टेबलावर हात आपटत बसतात. म्हणून आधी तेच पाहू.

पीईओ १९२२ पासून आहे. ती संघटना म्हणून काम करत नाही, कायद्याने स्थापन झालेली नियामक संस्था आहे. ओंटारियोच्या प्रोफेशनल इंजिनिअर्स अ‍ॅक्टमध्ये तिचा मुख्य उद्देश स्पष्ट लिहिला आहे: जनहिताची सेवा आणि रक्षण व्हावे यासाठी व्यवसायाचे नियमन करणे. इंजिनिअरांचे पगार, नोकऱ्या, प्रतिष्ठा या गोष्टी त्यात नाहीत. त्या कामासाठी २००० साली ‘ओंटारियो सोसायटी ऑफ प्रोफेशनल इंजिनिअर्स’ ही वेगळी संस्था निघाली. तिचे सभासदत्व ऐच्छिक आहे. ‘इंजिनिअरांना चांगले दिवस आले पाहिजेत’ ही तुमची तळमळ असेल तर तिकडे काम करा. तिथे ती तळमळ गुण ठरते, पीईओच्या कौन्सिलवर ती अडचण होऊन बसते.

भारतातून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, आणि त्यात नवल नाही. आपल्याकडे पदवी मिळाली की माणूस इंजिनिअर झाला. महापालिकेत नकाशे दाखल करण्यापुरते परवानाधारक इंजिनिअर असतात, पण साऱ्या व्यवसायाला लागू होणारा परवाना नाही. जवळचे उदाहरण वकिलांचे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या निवडणुका आपण पाहिलेल्या असतात आणि मनात तेच चित्र असते: प्रचार, पॅनेल, वकिलांच्या कल्याण निधीची आश्वासने. पण बार कौन्सिलला वकिलांच्या हक्कांचे आणि हिताचे रक्षण हे काम कायद्यानेच दिलेले आहे. पीईओला तसे दिलेले नाही. मतदानाची रीतही निराळी आहे. बार कौन्सिलला पसंतिक्रम भरायचा असतो, इथे सरळ ज्याला जास्त मते तो निवडून येतो.

आता कौन्सिलची रचना. निवडून येणाऱ्यांत प्रेसिडेंट-इलेक्ट, एक व्हाइस प्रेसिडेंट, संपूर्ण प्रांतातून निवडले जाणारे तीन कौन्सिलर आणि पाच विभागांतून प्रत्येकी दोन असे दहा विभागीय कौन्सिलर असतात. प्रेसिडेंट-इलेक्ट एक वर्षाने आपोआप प्रेसिडेंट होतो आणि त्यानंतरचे वर्ष माजी प्रेसिडेंट म्हणून कौन्सिलवर राहतो. म्हणजे त्या पदासाठी उभे राहणे ही तीन वर्षांची बांधिलकी. विभाग असे: ईस्टर्न, ईस्ट सेंट्रल, नॉर्दर्न, वेस्टर्न आणि वेस्ट सेंट्रल. कौन्सिलरची मुदत दोन वर्षांची, आणि दर वर्षी प्रत्येक विभागातली एक जागा रिकामी होते. याशिवाय सरकारकडून नेमलेले लोक असतात: पाच ते सात इंजिनिअर, आणि तीन ते पाच असे की जे इंजिनिअर नाहीत. या शेवटच्या गटाकडे नवे उमेदवार दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात ‘यात जनतेचे काय?’ हा प्रश्न बैठकीत बहुतेकदा त्याच खुर्च्यांवरून येतो, आणि ते लोक तुमच्या बाजूने नसतील तर तुमच्या ठरावाचे वजन निम्मे होते.

तुम्ही मिसिसागात आहात, म्हणजे वेस्ट सेंट्रल विभागात. पहिल्यांदा उभे राहणाऱ्याने विभागीय जागाच लढवावी असे माझे स्पष्ट मत आहे. प्रांतव्यापी जागेसाठी थंडर बेपासून विंडसरपर्यंत ओळख लागते. ती नसेल तर तुमचे निवेदन मतदाराला बाकीच्या चौघांच्या निवेदनांसारखेच दिसते. विभागात निदान चॅप्टरच्या, म्हणजे पीईओच्या स्थानिक शाखेच्या कार्यक्रमांना येणारे दोन-तीनशे लोक तरी तुम्हाला चेहऱ्याने ओळखू शकतात. प्रेसिडेंट-इलेक्टचा विचार पहिल्या खेपेला करू नका. कौन्सिलवर एक दिवसही न बसलेल्या माणसाने अध्यक्षपद मागितले तर जाणते मतदार ती धिटाई मानत नाहीत, अजाणतेपणा मानतात.

पात्रतेसाठी पीईओचे पूर्ण लायसन्स हवे, वर्गणी थकलेली नको, राहणे ओंटारियोत हवे, आणि कॅनडाचे नागरिकत्व किंवा कायम रहिवासाचा दर्जा हवा. वर्क परमिटवर असताना लायसन्स मिळालेल्यांनी ही शेवटची अट आधीच तपासावी. किती वर्षे लागोपाठ पदावर राहता येते यालाही मर्यादा आहे. नवख्याला ती अडत नाही, पण पूर्वी कौन्सिलवर बसलेल्या एखाद्याला तुम्ही उभे करणार असाल तर ती पाहावी लागेल.

नामांकनाचे नियम याच कायद्याखालच्या रेग्युलेशन ९४१ मध्ये आहेत. विभागीय जागेसाठी त्याच विभागात राहणारे किमान १५ सदस्य सूचक म्हणून लागतात. प्रेसिडेंट-इलेक्ट, व्हाइस प्रेसिडेंट किंवा प्रांतव्यापी कौन्सिलरसाठीही १५ च, पण त्यांत पाचही विभागांतला प्रत्येकी किमान एक असावा लागतो. नामांकने शरद ऋतूत घेतली जातात आणि मतदान साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होते. नेमक्या तारखा आणि प्रचाराचे नियम दर वर्षी नव्याने प्रसिद्ध होतात. गेल्या वर्षीच्या कागदावर विसंबू नका, बदल बारीक असतात आणि नेमके तेच अडवतात.

सह्यांचा भाग किरकोळ वाटतो आणि इथेच माणसे घसरतात. १५ लागतात म्हणून १५ गोळा करायचे नाहीत, २२ ते २५ करायचे. छाननीत तीन-चार गळणारच, आणि कारणेही ठरलेली असतात. पहिले कारण म्हणजे सूचक ‘सदस्य’च नसतो. या कायद्यात सदस्य म्हणजे पूर्ण लायसन्सधारक. इंजिनिअर-इन-ट्रेनिंग म्हणून नोंदलेला, मर्यादित किंवा तात्पुरते लायसन्स असलेला माणूस कितीही अनुभवी असला तरी चालत नाही. दुसरे, वर्गणी भरायची राहिलेली असते किंवा काही कारणाने लायसन्स निलंबित असते आणि त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसते. तिसरे आपल्या लोकांत फार आढळते: ब्रॅम्प्टनचे घर विकून हॅमिल्टनला गेलेला मित्र. विभाग बदलला, सूचकपद गेले. उलटही होते. माणूस मिसिसागातच राहतो, पण पीईओच्या नोंदीत पत्ता अजून ओंटारियोतल्याच लंडन शहराचा. पीईओच्या संकेतस्थळावर लायसन्सधारकांची जाहीर यादी आहे. प्रत्येक सूचकाचे नाव आणि लायसन्सची स्थिती तिथे तपासा, आणि ‘तुमचा नोंदणीतला पत्ता आत्ता कुठला आहे?’ हा प्रश्न प्रत्येकाला फोनवर विचारा. संदेशावर विचारलेत तर ‘हो, बरोबर आहे’ असे न पाहताच उत्तर येते.

प्रांतव्यापी जागेसाठी कुणी उभे राहणार असेल तर अडते ते नॉर्दर्न विभागावर. टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाच्या ओळखी ओटावा, किचनर, लंडनपर्यंत असतात. सडबरी, टिमिन्स, थंडर बेत सहसा कुणी नसते. खाणीत, कागद गिरणीत किंवा लॉरेंशियन विद्यापीठात काम करणाऱ्या एखाद्या सदस्याशी उन्हाळ्यातच संपर्क करावा, आणि एकावर न थांबता दोघे-तिघे धरावेत. शेवटच्या आठवड्यात ‘उत्तरेतला कुणी माहितीय का?’ असे सगळ्या ग्रुपांवर विचारत फिरणाऱ्याची तयारी किती आहे ते तेव्हाच कळून येते.

अर्ज मुदतीच्या किमान दहा दिवस आधी द्या. सूचकांची पत्रके आणि तुमची स्वतःची स्वीकृती हे वेगवेगळे कागद आहेत. स्वीकृतीचा कागद राहून गेला म्हणून उमेदवारी जाणे हे हास्यास्पद वाटते, पण कागदांच्या गर्दीत राहून जाणारा कागद नेमका तोच असतो.

आता अभ्यास. निवेदनाचा पहिला शब्द लिहिण्याआधी चार गोष्टी वाचून काढा. पहिला कायदा. तो सलग वाचायला दोन संध्याकाळी पुरतात. विशेषतः उद्देशाचे कलम, कौन्सिलच्या रचनेचे कलम, आणि रेग्युलेशन व बाय-लॉ करण्याच्या अधिकाराची कलमे ७ आणि ८. दुसरे, गेल्या दोन वर्षांची कौन्सिलची इतिवृत्ते. ती संकेतस्थळावर असतात. तिसरे, नियामक संस्थांचे ब्रिटिश तज्ज्ञ हॅरी केटन यांनी केलेले पीईओचे परीक्षण, जे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. चौथा एलियट लेकच्या चौकशी आयोगाचा अहवाल, निदान त्यातल्या शिफारशी.

एलियट लेकचे प्रकरण थोडक्यात सांगायला हवे, कारण पीईओच्या अलीकडच्या बहुतेक वादांचे मूळ तिथे आहे. २३ जून २०१२ रोजी उत्तर ओंटारियोतल्या या गावात अ‍ॅल्गो सेंटर मॉलच्या छतावरचा पार्किंगचा भाग खाली कोसळला आणि दोन स्त्रिया मेल्या. छत बांधल्यापासून गळत होते. मिठाचे पाणी वर्षानुवर्षे मुरून पोलादी जोड गंजला होता. कोसळण्याच्या काही आठवडे आधी एका इंजिनिअरने इमारत संरचनेच्या दृष्टीने ठीक असल्याचा अहवाल दिला होता. न्यायमूर्ती बेलांजे यांच्या आयोगाने ऑक्टोबर २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यात इंजिनिअरांना निरंतर व्यावसायिक शिक्षण सक्तीचे करावे अशी शिफारस होती. पीईओने २०१७ मध्ये ‘पीक’ नावाचा कार्यक्रम आणला तो ऐच्छिक म्हणून. सक्तीचा झाला १ जानेवारी २०२३ पासून. शिफारस आणि अंमल यांत आठ वर्षांहून जास्त अंतर आहे. ते का पडले हे समजून घेतले की या कौन्सिलचे सगळे दुखणे समजते: सदस्यांना नको असलेली गोष्ट सदस्यांनीच निवडलेल्या लोकांना करायची होती.

केटन यांच्या परीक्षणाचा सूरही हाच होता. पीईओचे लक्ष नियमनापेक्षा सदस्यांच्या आवडीनिवडीकडे आणि अंतर्गत राजकारणाकडे जाते, असा तो ठपका होता. त्यानंतर समित्यांची रचना बदलली आणि कारभारासाठी चार मुख्य समित्या झाल्या: लेखापरीक्षण व वित्त, कारभार व नामनिर्देशन, मनुष्यबळ व मोबदला, आणि नियामक धोरण व कायदे. तुम्ही निवडून आलात तर तुमचे बरेचसे काम यांपैकी एका समितीत होईल. त्या समितीच्या कामाशी तुमच्या अनुभवाचे काय नाते आहे, हे निवेदनात एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

निवेदनात काय लिहायचे यापेक्षा काय लिहायचे नाही हे आधी पाहू. आपल्या लोकांत सर्वांत लोकप्रिय वचन म्हणजे ‘कॅनेडियन अनुभवाची अट काढून टाकू’. ती अट गेलेली आहे. ओंटारियो सरकारने २०२१ मध्ये कायदा बदलला आणि पीईओने मे २०२३ मध्ये १२ महिन्यांच्या कॅनेडियन अनुभवाची अट काढली. आता ४८ महिन्यांचा अनुभव लागतो, तो जगात कुठलाही चालतो, आणि तो ३४ क्षमतांच्या चौकटीत मांडून दाखवावा लागतो. २०२५ नंतरही हे वचन देणारा उमेदवार आपण काही वाचलेले नाही हेच जाहीर करतो. त्याऐवजी जे खरे उरले आहे त्यावर बोला. या ३४ क्षमतांची उदाहरणे लिहिताना पुणे-मुंबईत काम केलेल्या इंजिनिअरला नेमके कुठे अडते? परदेशातला वरिष्ठ निवृत्त झाला, कंपनी बंद पडली, तर अनुभवाची साक्ष कोण देणार? अर्जावर निर्णय किती काळात होतो, आणि तो आकडा कौन्सिलपुढे दर बैठकीत येतो का? हे प्रश्न कौन्सिलच्या अधिकारात आहेत, मोजता येतात आणि जनहिताशी थेट जोडलेले आहेत. पात्र माणूस उगाच बाहेर राहणे आणि अपात्र माणूस आत येणे, दोन्हीत समाजाचेच नुकसान आहे.

दुसरे लाडके वचन उद्योगातल्या अपवादाचे. कायद्याच्या कलम १२(३)(अ) नुसार स्वतःच्या मालकाच्या कारखान्यातल्या उत्पादनासाठीच्या यंत्रसामग्रीवर काम करणाऱ्याला लायसन्स लागत नाही. तो अपवाद रद्द करण्याची तरतूद विधिमंडळाने २०१० मध्ये मंजूर केली, पण ती कधीच लागू झाली नाही आणि २०१५ मध्ये सरकारने नाद सोडला. कौन्सिल याबाबत सरकारकडे मागणी करू शकते, यापलीकडे तिच्या हातात काही नाही. ‘मी अपवाद रद्द करीन’ असे लिहिणारा उमेदवार दुसऱ्याच्या खिशातले पैसे वाटत असतो.

‘पीक’ बंद करू, वर्गणी अर्धी करू, इंजिनिअरांचे किमान दर ठरवू, ही तिसऱ्या प्रकारची वचने. यांना मते मिळतात, हे मान्य केले पाहिजे. पण ‘पीक’ बंद करणे म्हणजे दोन मृत्यूंनंतर झालेली शिफारस मागे घेणे. सरकारी नियुक्त लोक त्याच्या विरोधात जातील आणि ते योग्यच असेल. ‘पीक’मध्ये सुधारणेला मात्र जागा आहे. एखाद्याला किती तास लागतील हे त्याच्या कामातल्या जोखमीवरून ठरते, कमाल ३० तास. ते मोजमाप नीट चालते का, आणि अहवाल न भरणाऱ्याचे निलंबन होण्याआधी त्याला पुरेशी सूचना जाते का, हे विचारा. वर्गणीबद्दल बोलायचेच असेल तर आधी वार्षिक लेखे वाचा आणि कुठला खर्च कापणार ते सांगा.

प्रचाराचे नियम कडक आहेत. सदस्यांचे ईमेल पत्ते पीईओ उमेदवाराला देत नाही. ठराविक संख्येचे ईमेल ती स्वतःच उमेदवाराच्या वतीने पाठवते. तुमचे निवेदन ठरलेल्या आकारात संकेतस्थळावर जाते आणि उमेदवारांच्या सभाही ठेवल्या जातात. पीईओचे बोधचिन्ह वापरायचे नाही. चॅप्टरने सगळ्या उमेदवारांना बोलावून कार्यक्रम करावा, एकाला पाठिंबा देऊ नये. तुम्ही स्वतः चॅप्टरच्या कार्यकारिणीत असाल तर चॅप्टरच्या ईमेल यादीला प्रचारासाठी हात लावू नका. तक्रार होते, आणि ती टिकते.

निवेदन लिहिताना एवढेच ध्यानात ठेवा की बहुतेक मतदार ते फोनवर, दोन मिनिटांत, सात-आठ जणांची निवेदने ओळीने सरकवत वाचतात. आयआयटी, व्हीजेटीआय, सीओईपी, मग मास्टर्स, मग पंचवीस वर्षांचा अनुभव या वंशावळीत पहिला परिच्छेद घालवला की वाचणारा पुढच्या नावावर गेलेला असतो. पहिल्या तीन वाक्यांत दोन ठोस गोष्टी सांगा आणि त्या कौन्सिलच्या अधिकारात कशा बसतात ते सांगा. शिक्षण शेवटी. मानचिन्हांची यादी तर नकोच.

आता मतांचा हिशेब. पीईओचे लायसन्सधारक ८५,००० हून अधिक आहेत आणि त्यांतले फार थोडे मत देतात. समजा टक्का १२ धरला, तर संपूर्ण प्रांतात सुमारे १०,००० मते पडतात. एखाद्या विभागात १७,००० सदस्य धरले तर सुमारे २,०००. तिघे उमेदवार असतील तर सात-आठशे मतांत जागा निघू शकते. हे आकडे केवळ अंदाज बांधण्यासाठी आहेत, पण त्यांतून एक गोष्ट कळते: इथे लाट नसते, एकेक माणूस मोजावा लागतो.

मराठी मंडळाच्या पाचशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवेदन टाकले की काम झाले, असा समज असतो. त्या पाचशेत आयटीवाले किती, बँकेतले किती, डॉक्टर किती हे मोजा. पी.इंज. असलेले वीस निघाले तर पुष्कळ झाले, आणि त्यांतले पाच मतदानाचा ईमेल न उघडताच पुसतात. त्यापेक्षा त्या वीस जणांना एकेक करून फोन करा आणि आपल्या कार्यालयातल्या दोन-दोन लायसन्सधारक सहकाऱ्यांना तुमचे निवेदन वाचायला देण्याची विनंती करा. महापालिकांचे अभियांत्रिकी विभाग, हायड्रो वन आणि ओंटारियो पॉवर जनरेशनसारख्या वीज कंपन्या, मोठ्या सल्लागार संस्था, अशा ठिकाणी एका छताखाली शेकडो पी.इंज. असतात. तिथला एक ओळखीचा माणूस दहा ग्रुपांना भारी पडतो. अर्थात त्याने हे जेवणाच्या सुट्टीत, वैयक्तिक ओळखीवर करावे. कंपनीच्या यादीवर ईमेल टाकला तर तो आणि तुम्ही दोघेही अडचणीत याल.

‘आपला माणूस’ म्हणून मते मागण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण नैतिकतेइतकेच व्यवहाराचेही आहे. वेस्ट सेंट्रलमध्ये इराणी, चिनी, पंजाबी, अरब, तमिळ असे सगळेच इंजिनिअर आहेत. एकाने गट बांधला की चौघे बांधतात, आणि मतदानाचा टक्का इतका कमी असताना गटांच्या जोरावर आलेला माणूस टेबलावर पहिल्याच दिवशी ‘अमक्यांचा’ म्हणून बसतो. पॅनेलचेही तसेच. दोन-चार उमेदवारांनी मिळून एकमेकांची शिफारस केली तर मते वाढतात खरी, पण पुढे एका ठरावावर तुमचे मत निराळे पडले की सोबत्यांना तो दगा वाटतो. गृहनिर्माण सोसायटीच्या निवडणुकीतून आपण हे पुरेसे शिकलेलो आहोत.

मतदान इलेक्ट्रॉनिक असते आणि दुवा ईमेलने येतो. समर्थकांना दोनच गोष्टींची आठवण करायची: पीईओकडे नोंदलेला ईमेल चालू आहे का, आणि तो निरोप स्पॅममध्ये गेला आहे का. नोकरी बदललेल्यांचा ईमेल जुन्या कंपनीचा असतो, आणि ही मते दर वर्षी फुकट जातात. मतदान सुरू होण्याच्या महिनाभर आधीच हे सांगायला लागा.

निवडून आलात, मग पुढे काय? वसंतात वार्षिक सर्वसाधारण सभा होते आणि नवी कौन्सिल बसते. सभेत सदस्यांनी मंजूर केलेले ठराव कौन्सिलवर बंधनकारक नसतात. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव झाला म्हणजे निर्णय झाला असे समजू नका. कौन्सिलमध्ये तुमचे मत एकच, पंचवीस-तीस जणांत एक. बैठकीची कागदपत्रे शेकडो पानांची येतात आणि ती वाचलेली असणे हे गृहीत धरलेले असते. कर्मचाऱ्यांना तुम्ही थेट कामे सांगू शकत नाही. कौन्सिलला उत्तरदायी असतो तो सीईओ-रजिस्ट्रार (हे एकच पद आहे), बाकी सारे त्याच्याखाली. एखाद्या ओळखीच्या माणसाचा अडकलेला लायसन्सचा अर्ज ‘जरा बघा’ म्हणून कर्मचाऱ्याला फोन करणे हा कौन्सिलरने करण्यासारखा सर्वांत वाईट प्रमाद आहे. निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात असे चार फोन तुम्हाला येतील. उत्तर आधीच ठरवून ठेवा.

शिस्तभंगाच्या चालू प्रकरणांवर निवडणुकीतही बोलू नका आणि नंतरही नको. तक्रार समिती आणि शिस्तपालन समिती कायद्याने वेगळ्या आहेत. कौन्सिलरला शिस्तपालनाच्या सुनावणीत बसावे लागू शकते, आणि तुमचे जुने जाहीर मत वकील तुमच्यासमोर ठेवील.

एखादी सुधारणा खरोखर घडवायची असेल तर रस्ता साधारण असा आहे. प्रश्न योग्य समितीत न्यायचा, कर्मचाऱ्यांकडून आकडे मागायचे, दोन निवडून आलेले आणि एक इंजिनिअर नसलेला सहकारी सोबत घ्यायचा, मग लेखी ठराव. बाय-लॉचा बदल असेल तर कौन्सिलच्या हातात बरेच काही असते. रेग्युलेशन बदलायचे असेल तर कौन्सिलनंतर सरकारची मंजुरी लागते, आणि ती मिळायला तुमची दोन वर्षे सहज संपतात. म्हणून पहिल्या मुदतीत एकच मुद्दा धरावा. तुमच्याबाबतीत परदेशी अनुभवाच्या साक्षीचा मुद्दा मला सर्वांत योग्य वाटतो.

मालकाला आधी सांगा, लेखी सांगा. हे काम पगाराचे नाही. बैठका, समित्या, वाचन आणि चॅप्टरच्या फेऱ्या मिळून आठवड्याचे काही तास नियमित जातात, आणि बैठकीच्या आठवड्यात पुष्कळच जास्त. तुमची कंपनी पीईओच्या एखाद्या नियमामुळे थेट प्रभावित होणार असेल तर तो हितसंबंध जाहीर करून चर्चेतून उठावे लागेल. हे मालकाला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

हे सगळे इतके काटेकोर का, असे वाटत असेल तर कॅनडातल्या इतर प्रांतांकडे पाहा. क्विबेकमध्ये बांधकाम क्षेत्रातल्या भ्रष्टाचाराची शार्बोनो आयोगाने चौकशी केली आणि जुलै २०१६ मध्ये सरकारने तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेवर देखरेखीसाठी माणसे नेमली. ब्रिटिश कोलंबियाने २०१८ मध्ये नवा कायदा केला, तो फेब्रुवारी २०२१ मध्ये लागू झाला. आता तिथले मंडळ ११ जणांचे आहे, सात निवडून आलेले आणि चार नेमलेले, इंजिनिअर नसलेले. उमेदवारांची क्षमता आधी पारखली जाते. ओंटारियोतली रचना अजून जुन्या वळणाची आहे. ती तशी राहील की नाही हे बरेचसे तिथे बसणाऱ्यांच्या वागण्यावर ठरेल. सरकारला आत यायला निमित्त पुरते.

पडलात तर काय? पहिल्या खेपेला पडणे सामान्य आहे. कौन्सिलखेरीज पीईओच्या कामात शिरायला आणखी वाटा आहेत. समित्यांवर स्वयंसेवक लागतात. लायसन्ससाठी अनुभव तपासणाऱ्यांत परदेशातल्या कामाची जाण असलेला माणूस उपयोगी पडतो. सरकारी नेमणुकीसाठी प्रांताच्या सार्वजनिक नियुक्त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, त्याला निवडणूक लागत नाही. सूचकांची तपासलेली यादी जपून ठेवा, पुढच्या शरदात तिच्यातले पत्ते पुन्हा एकदा विचारून घ्या, आणि ज्यांनी तुम्हाला हरवले त्यांच्या पहिल्या वर्षाची इतिवृत्ते बाकी कशाहीआधी वाचा. कुठला मुद्दा पुढे सरकला आणि कुठला समितीतच राहिला हे त्यांत दिसते, आणि पुढचे निवेदन तिथूनच लिहायला घेता येते.